दुसऱ्याच्या सभागृहात आपला माणूस

बलदमध्ये, म्हणजे जेद्दाच्या जुन्या पेठेत, नसीफ वाड्यासमोर एक थोराड कडुनिंब आहे. एके काळी अख्ख्या गावात हे एवढंच मोठं झाड होतं म्हणे, त्यामुळे पत्ता सांगताना "झाडवालं घर" म्हटलं की काम भागायचं. १९२५च्या डिसेंबरात राजे अब्दुलअझीझ जेद्दात आले ते याच वाड्यात उतरले. गुरुवारी संध्याकाळी आम्ही चार मराठी डोकी तिथल्या कट्ट्यावर बसतो. त्यात खेडकडचे एक चाचा असतात. इथे येऊन त्यांना तीस वर्षं होत आली.

२०२५च्या जुलैत पंतप्रधान मोदी घाना, त्रिनिदाद आणि नामिबिया अशा तीन संसदांत आठवडाभरात बोलले. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या क्लिपांचा नुसता पाऊस. सभासद किती वेळा उभे राहिले, टाळ्या किती मिनिटं चालल्या, सगळं मोजून. मी कौतुकाने एक क्लिप चाचांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "छान बोलले. तिथे आपली माणसं असतील ना रे कामाला? त्यांच्याबद्दल काय बोलले?"

मला उत्तर देता आलं नाही. टाळ्यांच्या पुढे मी ऐकलंच नव्हतं.

परक्या संसदेत बोलण्याचा हा मान नेमका काय असतो, ते तेव्हापासून वाचतोय. यात लंडनचा थाट मोठा. तिथे पाहुण्याला कुठल्या दालनात उभं करायचं यावरूनही पायरी ठरते. वेस्टमिन्स्टर हॉल हा अकराव्या शतकातला, पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालला तो. तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो. १९६०मध्ये द गॉल, १९९६मध्ये नेल्सन मंडेला, २०११मध्ये ओबामा. इतर बहुतेकांसाठी रॉयल गॅलरी. या गॅलरीच्या भिंतींवर ट्रफाल्गर आणि वॉटर्लू अशी दोन अवाढव्य चित्रं आहेत, म्हणजे फ्रेंच पाहुणा आला की त्याने स्वतःच्या देशाच्या पराभवासमोर उभं राहून मैत्रीवर बोलायचं. (इंग्रजांचा विनोद असाच असतो, ते हसत नाहीत.) या भाषणानंतर मतदान होत नाही, ठराव होत नाही. कामकाज म्हणून त्याचं वजन शून्य. तरीही कुणाला बोलवायचं यावर भांडणं होतात. २०१७मध्ये तिथल्या सभापतींनी ट्रम्प यांना वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये बोलू द्यायला आपला विरोध असल्याचं भर सभागृहात सांगून टाकलं होतं. नुसत्या समारंभावरून कुणी एवढं तोंड वाजवत नाही.

मला या मानापेक्षा त्याचा वापर कोण कसा करतो ते जास्त महत्त्वाचं वाटतं. स्पेनचे राजे सहावे फेलिपे २०१७च्या जुलैत लंडनच्या संसदेत बोलायला उभे राहिले आणि यजमानांना नको असलेला जिब्राल्टरचा विषय त्यांनी तिथेच काढला. गोड शब्दांत, पण काढला. युक्रेनचे झेलेन्स्की २०२३च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये गेले, एका वैमानिकाचं हेल्मेट सभापतींच्या हातात ठेवलं आणि लढाऊ विमानं मागितली. तेच झेलेन्स्की त्या मे महिन्यात इथे जेद्दात अरब लीगच्या शिखर परिषदेला आले, आणि इथे बसलेल्यांपैकीही काही जण डोळेझाक करताहेत असं तोंडावर म्हणाले. यजमानाला जे ऐकायला अवघड जाईल असं एक वाक्य भाषणात असेल, तर विमानाचं तिकीट वसूल झालं असं मी समजतो.

आता आपल्याकडे येतो. ब्रिटिश संसदेत बोलणारे पहिले भारतीय पंतप्रधान म्हणजे मोदी. तारीख १२ नोव्हेंबर २०१५, जागा रॉयल गॅलरी. त्या तारखेवर थांबा जरा. १२ नोव्हेंबर १९३०ला, बरोबर पंच्याऐंशी वर्षं आधी, याच रॉयल गॅलरीत राजे पंचम जॉर्ज यांनी पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन केलं होतं. प्रतिनिधींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढच्या बैठका सेंट जेम्स राजवाड्यात झाल्या आणि तिथे बाबासाहेबांनी इंग्रजांना सुनावलं की दीडशे वर्षांच्या तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती होती तशीच राहिली, आम्हाला लोकांचं राज्य हवं. ज्यांनी बोलावलं त्यांच्याच घरात हे बोलणं सोपं नव्हतं. २०१५च्या त्या दौऱ्यात, भाषणानंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब लंडनमध्ये ज्या घरात राहिले होते त्या किंग हेन्रीज रोडवरच्या घरातल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलेलं. आमच्या ग्रुपवर दोन्हींचे फोटो आले. तारखेचा हा योगायोग मात्र कुणाच्या लक्षात आला नाही, माझ्याही नाही.

आणि त्याच्या कितीतरी आधी रंगो बापूजी. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने १८३९मध्ये गादीवरून काढलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथे चिकटून राहिले. अर्ज, पत्रकं, कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं. संसदेत त्यांची बाजू दुसऱ्यांनी मांडायची, यांनी ऐकायचं. मधल्या काळात महाराज काशीत वारले, १८४८मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं, तरी हा माणूस लगेच परतला नाही. पुढे सत्तावन्नच्या धामधुमीत मुलगा फासावर गेला आणि ते स्वतः परागंदा झाले ते कायमचे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला म्हणून निदान नाव तरी उरलं. परदेशात एखाद्या कचेरीच्या दारात आपला कागद घेऊन उभं राहणं काय असतं, हे व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्यापैकी कुणालाही थोडंफार कळेल. त्यांनी ते चौदा वर्षं केलं, आणि स्वतःसाठी नाही.

मंडेलांचं १९९६चं भाषण मला आवडतं ते याच कारणाने. टाळ्या घ्यायला ते उभे राहिले खरे, पण आठ दशकांपूर्वी आमचीच माणसं याच इमारतीत गाऱ्हाणं घेऊन आली होती आणि तुम्ही त्यांना परत पाठवलंत, ही आठवण त्यांनी पहिल्यांदा करून दिली. कडवटपणा न ठेवता, पण करून दिली. आपल्याकडून असं रंगो बापूजींचं नाव तिथे कुणी घेतलं तर मी त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकेन.

तुम्ही म्हणाल, जेद्दात बसून लंडनच्या गोष्टी कशाला? इथेही हे घडलंय. १ मार्च २०१०ला डॉ. मनमोहन सिंग रियाधमध्ये मजलिस-अश-शूरासमोर बोलले. शूरा म्हणजे आपल्यासारखी निवडून आलेली संसद नव्हे. राजाने नेमलेले १५० सदस्य, काम सल्ला देण्याचं. स्त्रिया तिथे २०१३मध्ये आल्या, त्या मात्र एकदम तीस. इंदिरा गांधींच्या १९८२च्या दौऱ्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी भारताचे पंतप्रधान या देशात आले होते. आवाज नेहमीसारखाच हळू. दहशतवाद, पॅलेस्टाइन, आणि पाकिस्तानने साथ दिली तर न सुटणारा प्रश्न नाही, हे सगळं त्यांनी पाकिस्तानच्या जुन्या मित्राच्या घरात सांगितलं. आदल्या दिवशी प्रत्यार्पण करारावर सह्या झाल्या होत्या. दोन वर्षांनी, जून २०१२मध्ये, सव्वीस-अकराच्या प्रकरणात हवा असलेला बीड जिल्ह्यातला झबिउद्दीन अन्सारी सौदीने भारतात पाठवून दिला. कागदोपत्री ती हद्दपारी होती, प्रत्यार्पण नव्हे, आणि एका भाषणाने ते झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण दारं अशीच हळूहळू उघडतात.

कामगारांच्या बाबतीत मात्र दारं जास्तच हळू उघडली. या देशात आपले सुमारे २६ लाख लोक आहेत. माझ्यासारखे लॅपटॉपवाले त्यात मूठभर, बाकी गवंडी, चालक, वेल्डर, घरकाम करणारे. घरकामगारांसाठीचा करार जानेवारी २०१४मध्ये झाला. इतर कामगारांसाठीचा एप्रिल २०१६मध्ये, मोदींच्या रियाध दौऱ्यात. त्या दौऱ्यात ते भारतीय कामगारांच्या वसाहतीत गेले, त्यांच्यासोबत बसून चार घास खाल्ले. फोटो सगळ्यांनी पाहिला, मलाही तो आवडला होता. आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस बातमी आली की पगार थकल्याने जवळपास दहा हजार भारतीय कामगार उपासमारीला आले आहेत, त्यातले कितीतरी इथे जेद्दात. वकिलातीने आणि इथल्या भारतीयांनी मिळून हजारो किलो शिधा वाटला. सुषमा स्वराज १ ऑगस्टला आपल्या संसदेत उभ्या राहिल्या, एकही भारतीय कामगार उपाशी राहणार नाही असं सांगितलं आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना जेद्दाला पाठवलं. चाचांनी तेव्हा आठ दिवस डाळीची पोती उचलली. ते परक्या संसदेतलं भाषण नव्हतं, टाळ्यांचंही नव्हतं. पण चाचांना आजही पाठ आहे ते तेवढंच.

२२ एप्रिल २०२५चा दिवस इथल्या कुणाला विसरता येणार नाही. चार दशकांनी भारताचे पंतप्रधान जेद्दात आले. दुसऱ्या दिवशी ते एका कारखान्यात भारतीय कामगारांना भेटणार होते. दुपारी पहलगामची बातमी आली. रात्रीच ते परत निघाले, आणि निघायलाच हवं होतं. गेलेल्यांत आपल्या डोंबिवली, पुणे, पनवेलची सहा माणसं होती. त्या रात्री कट्ट्यावर कुणी फारसं बोललं नाही. कामगारांची भेट राहून गेली, याची तक्रार करायची ती वेळ नव्हती. पण ती भेट राहिली ती राहिलीच.

म्हणून मला एक साधी गोष्ट मागायची आहे. आपला नेता कुठल्याही संसदेत, मजलिशीत, परिषदेत बोलून आला की आठवडाभरात सरकारने आपल्याच संसदेत एक कागद ठेवावा. त्या देशात आपली माणसं किती, त्यांचे थकलेले पगार, अडकलेले पासपोर्ट, तुरुंगात असलेले किती, यांतलं काय काय मांडलं, काय पदरात पडलं, काय राहिलं. आणि तो कागद मराठी, मल्याळम, तेलुगू, उर्दूतही असावा, कारण ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना दिल्लीची इंग्रजी येत नाही. १९५६मध्ये नेहरू इथे आले तेव्हा स्वागताला "रसूल-अस-सलाम" अशी घोषणा झाली, म्हणजे शांतिदूत. त्या एका शब्दाच्या अर्थावरून पाकिस्तानात केवढा गहजब झाला होता! एका शब्दाला इतकं वजन असतं, तर आपल्या माणसांबद्दलची दोन वाक्यं भाषणात घालायला आणि त्यांचा हिशोब द्यायला काय हरकत आहे?

चाचा पुढच्या वर्षी कायमचे खेडला परततायत. नोकरी संपल्यावर मिळायच्या रकमेपैकी निम्मी मालकाकडे अडकली आहे. अर्ज केलाय, तारीख पडली की मी अरबी कागद वाचून दाखवायला सोबत जायचं ठरलंय. परवा तेच विचारत होते, "पुढच्या वेळी पंतप्रधान आले की तुमच्या त्या ऑनलाइनवर प्रश्न पाठवता येतो का?" येतो म्हटलं. मग तिथेच झाडाखाली बसून मोबाइलवर त्यांचा प्रश्न लिहून घेतला. चार ओळींचाच आहे.