दोष वयाचा नाही, ओलीचा

‘दीडशे वर्षांचं लाकूड, आता त्यात काय राहिलं असणार!’ या एका समजुतीवर पुण्या-नाशकातले वाडे पाडायला काढले जातात. ही समजूतच मुळात चुकीची आहे. लाकूड वयाने कुजत नाही. ते बुरशी कुजवते आणि बुरशीला ओल लागते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला, तर तिला पसरता येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या छताच्या सागवानी फासळ्या आणि स्तूपावरची लाकडी छत्री सुमारे 2000 वर्षांच्या आहेत. मावळातला पाऊस इतकी शतकं बाहेर कोसळतो आहे, पण कातळाच्या आडोशाने तो या लाकडावर पडू दिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या फासळ्यांवर भार कुठे आहे? छत तर कातळाचंच. आक्षेप रास्त आहे, म्हणून जपानातल्या होर्यूजी मंदिराकडे पाहावं. तिथल्या पाच मजली पॅगोडाच्या मध्यस्तंभाचं झाड इ. स. 594 मध्ये तोडलं गेलं, असं त्याच्या वाढीची वलयं सांगतात. याच मंदिराच्या हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडावर संशोधक जिरो कोहारा यांनी चाचण्या केल्या. तोडल्यानंतर पहिली दोनेक शतकं या लाकडाची ताकद वाढते आणि मग सावकाश उतरते, असं त्यांना आढळलं. केयाकी या दुसऱ्या जपानी झाडाचं लाकूड मात्र लवकर ढासळतं. म्हणजे हिनोकीचा नियम सागाला जसाच्या तसा लावता येणार नाही. जुनं लाकूड ठिसूळ होतं आणि अचानक बसलेला धक्का नव्याइतका सोसत नाही, हेही मान्य करायला हवं. शिवाय होर्यूजीचे कुजलेले भाग वेळोवेळी बदलले गेले. पण कूज ठरावीक जागी होते आणि तेवढाच भाग बदलता येतो, हेच त्यातून दिसतं.

वाड्यातली ती जागा कोणती? बहुतेकदा तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. खांब दगडी तळखड्यावर उभा असल्याने जमिनीच्या ओलीपासून बराचसा वाचतो. टोक मात्र फुटक्या कौलांतून आणि मागाहून बसवलेल्या मोरीतून झिरपणारं पाणी पीत राहतं. पूर्वीची माती-चुन्याची भिंत ते पाणी बाहेर सोडायची. दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढतो, भिंतीचं वाळणं थांबतं आणि आतलं टोक भुसभुशीत होतं. ठपका येतो तो अख्ख्या तुळईच्या वयावर!

दुरुस्ती परवडत नाही, ही मालक-भाडेकरूंची अडचण खरी आहे आणि माणसांचा जीव तर लाकडाहून मोलाचा आहेच. पण पैशाअभावी वाडा पाडायचा असेल, तर कागदावर तेच कारण लिहावं. धोकादायक ठरवायचा असेल, तर भिंत उकलून प्रत्येक टोक टोचून पाहावं, ओलावा मोजावा, वाकलेली तुळई आणि कुजलेली तुळई यांची नोंद वेगळी करावी. ही नोंद जोडलेली नसेल, तर पाडकामाच्या आदेशावर सही होऊ नये.