नाऱ्याचे काय चुकले?

15 नोव्हेंबर 2024च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या रात्री 10 बाळे गेली. वाचवलेल्यांतली काही पुढे दगावली. सोय 18 बाळांची, आणि सरकारी आकड्यानुसार आत होती 49. उत्तर प्रदेशचे उपमुख्यमंत्री पोहोचण्याआधी रस्त्याकडेला चुन्याची भुकटी टाकली जात असल्याची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. त्यांनी निषेध केला, कारवाईचे आदेश दिले. पण चुना टाका, असे मुद्दाम सांगावे तरी लागले असेल का? साहेब येणार म्हटले की झाकपाक करायची, हे आपल्या हाडीमाशी खिळले आहे.

त्याहून बोचते ते पुढचे. सरकारनेच सांगितले, की फेब्रुवारीत तिथे अग्निसुरक्षेची तपासणी झाली होती, जूनमध्ये मॉक ड्रिलही. म्हणजे कागद तयार होता. दाटीवाटीने ठेवलेली बाळे आणि यंत्रांवरचा ताण पाळीवरच्या नर्सला रोज दिसत असणारच. ते कोणत्या बैठकीत, कोणी, कोणाला सांगितले?

झाशीच्या राणीचे नाव निघाले की आपली छाती फुगते, नेवाळकरांची सून ना ती! झाशीच्या आगीवर मात्र आपण 'उत्तर प्रदेशात असेच चालायचे' म्हणून मोकळे झालो. 9 जानेवारी 2021च्या पहाटे आपल्याच भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीतही 10 बाळेच गेली होती.

वातानुकूलित सभागृहातले संचालक मंडळ याहून शहाणे असते, असे समजू नका. तिथे चुन्याचे काम स्लाइड करते. खालचा अभियंता लिहितो : सर्व्हर जुनाट झालाय, सुरक्षेचे अपडेट येणे बंद झालेय, बॅकअपमधून डेटा परत आणून कोणी कधी पाहिलेला नाही. व्यवस्थापक त्याचे 'सुधारणेस वाव' करतो. विभागप्रमुख स्लाइडवरचा धोक्याचा लाल चौकोन पिवळा करतो. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर तो चौकोन मंडळापुढे येतो तेव्हा हिरवागार झालेला असतो. रिझर्व्ह बँकेला हा स्वभाव ठाऊक असावा. एप्रिल 2024पासून लागू झालेल्या तिच्या निर्देशांनुसार, व्यापारी बँकेतला माहिती-सुरक्षा अधिकारी आयटी प्रमुखाच्या हाताखाली नसावा, त्याच्या डोक्यावर धंद्याचे टार्गेट नसावे आणि दर तिमाहीला त्याने सायबर धोक्याचा आढावा मंडळापुढे किंवा त्याच्या समितीपुढे ठेवावा.

नियम चांगला आहे. पण खरे सांगणाऱ्याची बदली करणारे हात कोणाचे? आपलेच. 'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली' म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या नाऱ्याला हसलो. मांडव खरोखरच पेटला होता का, हे बघायला वऱ्हाडातला एकही जण उठला नाही.

ऑगस्ट 2018मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरले आणि देशोदेशीच्या एटीएममधून व हाँगकाँगच्या एका खात्यात मिळून 94 कोटींवर रक्कम गेली. त्यानंतर तरी आपल्या सहकारी बँकांच्या वार्षिक सभांत किती सभासदांनी उभे राहून विचारले, की आपल्या यंत्रणेची तपासणी कोणी केली, त्यात काय निघाले आणि ते मंडळाला कधी कळले? लाभांश किती टक्के, यंदा भेटवस्तू काय, एवढे मात्र हटकून विचारले जाते. मग अध्यक्ष विषय वाचतात, सभागृह 'मंजूर, मंजूर' ओरडते आणि मंडळी अल्पोपाहाराच्या रांगेत लागतात.