आकाशवाणी आणि दूरचा प्रवासी

घरांतील माणूस दूरच्या प्रवासास निघालें, म्हणजे शिधा, पांघरूण व औषधें यांची चौकशी घरोघर होते. हातावर दहीं पडतें, देवापुढें सुपारी ठेवली जाते. परंतु "वाटेंत उद्यांचें हवामान तुला कोण सांगणार?" हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शहरांत तो विचारण्याचें कारणहि नाहीं. खिशांतील फोनवर पावसाची वार्ता घटकेघटकेस येत असते. मात्र भर समुद्रांत किंवा हिमालयाच्या निर्जन खोऱ्यांत फोनचा मनोरा नसतो. जेथें वार्तेवर जीवित अवलंबून, तेथेंच ती दुर्मिळ होते. या अडचणीवरील एक जुना, परंतु अद्यापि निरुपयोगी न झालेला उपाय म्हणजे लघुलहरींचा रेडिओ. त्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

आकाशवाणी हें नांव या रेडिओस अक्षरशः शोभतें. दहा ते शंभर मीटर लांबीच्या या लहरी वर जातात, आणि भूमीपासून शेंकडों किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेले वातावरणाचे जे थर आहेत, त्यांजवरून वळून हजारों मैल दूर पुनः खालीं उतरतात. इंग्लंडांत ॲपल्टन यांनीं १९२४ सालीं अशा थराचें अस्तित्व प्रयोगानें सिद्ध केलें. उच्च वातावरणाच्या संशोधनाबद्दल १९४७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयास आयुष्य वाहिलें. हे थर सूर्याच्या अधीन असल्यामुळें ऐकणाऱ्यास काळवेळेचें ज्ञान हवें. यांपैकीं लांब लहरी दिवसां खालच्या थरांत शोषल्या जातात. म्हणून दिवसां आखूड व रात्रीं लांब लहर निवडावी लागते. सूर्यावर मोठा उद्रेक झाल्यास प्रकाशित गोलार्धावर कांहीं काळ सर्वच शांत होतें.

या वाणीचा उपयोग किती, हें १९५३ सालच्या एव्हरेस्टच्या मोहिमेवरून दिसेल. जॉन हंट यांच्या तुकडीसाठीं दिल्लीचें ऑल इंडिया रेडिओ व लंडनचें बी. बी. सी. हवामानाची विशेष वार्ता प्रक्षेपित करीत असत. मान्सून येण्यापूर्वींचे थोडेसे शांत दिवस हीच चढाईची संधि. ती कधीं येते व किती टिकते, हें बर्फांत बसून नुसत्या डोळ्यांनीं कळणारें नव्हतें. २९ मे रोजीं तेनसिंग व हिलरी शिखरावर पोंचले. मौज अशी कीं, ती विजयवार्ताहि हवामानाचाच वेष घेऊन खालीं आली. नामचे बाजार येथील पोलीस ठाण्याच्या बिनतारी यंत्रावरून गेलेल्या संदेशांत बर्फाची स्थिति वाईट असल्याचें म्हटलें होतें. त्याचा ठरलेला अर्थ शिखर सर झालें, असा होता!

वार्ता न पोंचल्यास काय होतें, हें २०१७ सालच्या ओखी वादळानें दाखविलें. ३० नोव्हेंबर रोजीं कन्याकुमारीजवळ वादळानें रूप धारण केलें, तेव्हां केरळ व तमिळनाडूचे कित्येक मच्छीमार अनेक दिवसांपूर्वींच घर सोडून खोल समुद्रांत गेले होते. किनाऱ्यावर इशारे दिले गेले. परंतु बोटींवरील जवळच्या पल्ल्याच्या यंत्रांस इतक्या दूरचें ऐकूं येणें शक्य नव्हतें. मृत व बेपत्ता मिळून दोनशेंहून अधिक माणसें परतलीं नाहींत. डिसेंबरच्या आरंभीं ६८ बोटींतून ९५२ मच्छीमार वाऱ्यापुढें वाहत आमच्या देवगड बंदरीं सुखरूप लागले, तेव्हां तितक्या घरांतील आकांत थांबला असेल. वादळ कोठें आहे हें शास्त्रास ठाऊक होतें. ज्यास तें सांगावयाचें, त्याच्या कानापर्यंत मात्र वाट नव्हती.

२०१९ सालीं आपल्या सरकारनें मच्छीमारांसाठीं उपग्रहाद्वारें इशारा पोंचविणारें 'जेमिनी' नांवाचें यंत्र पुढें आणलें, हें योग्यच झालें. मग जुन्या रेडिओची गरज काय, असें कोणी विचारील. लघुलहरींचें सामर्थ्य असें कीं, बोलणारें केंद्र एक असलें तरी ऐकणारे कितीहि असूं शकतात. ऐकण्यास मासिक वर्गणी नाहीं, मध्यें मनोरा नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या हवामानखात्यानें चार्लव्हिल व विलूना या आंतल्या गांवांहून समुद्रावरील नावांसाठीं अशीच वार्ता देण्याची व्यवस्था केली. एक साधन बिघडलें तर दुसरें हातीं असावें, हें व्यवहारज्ञानहि येथें आहेच.

मात्र हें साधन विद्यार्थ्याची शिस्त मागतें. जहाजांसाठींची वार्ता बहुधा ज्या पद्धतीनें दिली जाते, ती साध्या रेडिओवर बदकाच्या आवाजासारखी अस्पष्ट ऐकूं येते. म्हणून 'सिंगल साइड बँड' ऐकूं शकणारा संच व लांब तार बरोबर घ्यावी. वेळापत्रक निघण्यापूर्वींच उतरून घ्यावें. त्यांतील वेळ जागतिक असते. तींत साडेपांच तास मिळवावेत, म्हणजे तेथील दुपारचे बारा ते आपले सायंकाळचे साडेपांच. पेन्सिल व नकाशा घेऊन ठरल्या वेळीं बसावें, ऐकलेलें तत्काळ लिहावें आणि तें वायुभारमापक व समोरचें आकाश यांशीं ताडून पाहावें. ऐकण्यापलीकडे बोलावयाचेंहि असेल, तर परीक्षा देऊन सरकारी परवाना काढावा लागतो.

पुराणांतील आकाशवाणी अटळ भविष्य सांगे. कंसानें किती खटपट केली, तरी तें टळलें नाहीं. आजची आकाशवाणी केवळ संभव सांगते, आणि ऐकणाऱ्यानें वेळींच मार्ग बदलला तर संकट चुकूं शकतें. म्हणून आमच्या वाचकांस इतकीच विनंति कीं, घरचा मुलगा वा मुलगी डोंगरांत किंवा समुद्रावर निघाली असतां, हातावर दहीं घालतांना तो एक प्रश्न अवश्य विचारावा. आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत निरोपाची घाई करूं नये.