हरणांच्या कुरणातले तण कोण उपटते?

पावसाळ्यात ताडोबा किंवा मेळघाटच्या कुरणांत बायाबापड्यांच्या रांगा वाकलेल्या दिसतात. त्या तरोटा उपटतात, रानतुळस काढतात, घाणेरीची मुळे खणतात. पर्यटकांच्या जिप्सीतून त्या कोणाला दिसत नाहीत. पर्यटकाला चितळ दिसते आणि चितळामागचा वाघ दिसतो. पण ते चितळ ज्या गवतावर जगते, ते गवत या बायांच्या हातांवर उभे आहे, हे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

हे तण आले कोठून? घाणेरी इंग्रजांनी शोभेचे झाड म्हणून या देशात आणली. गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास झाली आणि पाहता पाहता त्याने देश व्यापला. तरोटा तर आपल्या ओळखीचाच. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी खाऊन गरिबांनी पावसाळे काढले आहेत. परंतु वाढलेल्या तरोट्याला ना गुरे तोंड लावतात, ना हरणे. जमीन मोकळी पडली की तो पहिला हजर होतो.

आणि जमीन मोकळी का पडली? यातील अनेक कुरणे म्हणजे काल-परवापर्यंतची गावे आणि शेते आहेत. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड आणि ताडोब्यातून बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी ही गावे उठवली गेली. नांगर थांबला, गुरे गेली, माणसे गेली आणि त्या रिकाम्या जागेवर गवताच्या आधी तण धावून आले. म्हणजे ज्यांना जंगलाचे शत्रू ठरवून बाहेर काढले, त्यांच्याच हातांची गरज त्यांच्याच जुन्या शेतात पुन्हा पडली. फरक एवढाच की काल ते तेथे घरधनी होते, आज रोजंदार आहेत!

तण काढण्याचे एक शास्त्र आहे. तरोटा शेंगा धरण्यापूर्वी मुळासकट उपटला पाहिजे, कारण एकदा बी सांडले की ते वर्षानुवर्षे मातीत टिकते. घाणेरी वरवर कापली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचे मूळच खणावे लागते. मोकळ्या झालेल्या जागेत पवन्या, मारवेल अशा देशी गवताचे बी लगेच टाकले नाही तर दुसरे तण ती जागा बळकावते. त्याच तुकड्यावर सलग दोन-तीन वर्षे फिरावे लागते. हे ज्ञान गोंड, कोरकू आणि भूमिहीन बौद्ध शेतमजुरांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पण कामाचा निर्णय कचेरीत होतो. मंजुरी दिवाळीनंतर आली तर तोवर बी सांडलेले असते. मग कागदावर कुरण स्वच्छ होते आणि जमिनीवर पुढच्या वर्षीचे तण पेरले जाते.

याची किंमत कोण मोजतो? आत गवत नसले की हरणे कुंपणाबाहेरच्या धानात, तुरीत उतरतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. प्रत्येक मृत्यूचे कारण तणच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जंगलातील चाऱ्याचा प्रश्न हा आमच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, एवढे निश्चित.

तणनाशक फवारा, काम लवकर उरकेल, असा सल्ला देणारेही आहेत. त्यांनी २०१७ चे यवतमाळ आठवावे. कीटकनाशक फवारताना मेले ते शेतकरी आणि शेतमजूर. औषध विकणारे नव्हेत. हाताने उपटणेही निर्धोक नाही. गाजर गवताने अंगावर पुरळ उठते, दमा बळावतो. आमच्याकडे तक्रार घेऊन आलेल्या बायांचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते. हातमोजे मिळाले नव्हते आणि कंत्राटदाराने मजुरीही कापली होती.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगार निषिद्ध केली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीसुद्धा वेठबिगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणात स्पष्ट केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानेही त्यातून वगळलेली नाहीत. वैयक्तिक दाव्यात बिगर-आदिवासींना ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे आणि आमचे बांधव तेथेच अडतात, कारण गावकुसाबाहेरच्या माणसाचा कागद कोणी जपला? पण ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ माणूस बसतो. ती वाट आपण का सोडावी?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. कुरणाचे काम कंत्राटदाराऐवजी ग्रामसभेकडे द्या, पैसा पावसाळ्यापूर्वी द्या, पुरे वेतन व हातमोजे द्या आणि गवताचे बी गोळा करण्याचे कामही याच गावांना द्या. आणि जंगलालगतच्या बांधवांनो, ग्रामसभेला हजर राहा, ठराव लिहून घ्या, हजेरीपटाची नक्कल मागा. वरवर कापलेले तण पुन्हा फुटते. अन्यायाचेही तसेच आहे. त्याच्या मुळाशीच हात घालावा लागतो!