बॅटरी पाण्याची, पण खरंच सुरक्षित?

ग्वाल्हेर : शेजारच्या मुरैना जिल्ह्यातल्या सौर प्रकल्पासाठी सप्टेंबर 2025 मध्ये बॅटरी साठवणुकीसह युनिटला 2 रुपये 70 पैसे दर निघाला. दिवसाचं ऊन संध्याकाळी एवढ्या स्वस्तात मिळणार, म्हणून त्याची देशभर चर्चा झाली. मोकळ्या माळावर मोठाल्या बॅटऱ्या ठेवणं वेगळं. ग्वाल्हेरच्या बिर्ला नगरसारख्या दाट वस्तीत वीज साठवायची झाली, तर कोणती बॅटरी चालेल?

हा भाग 1921 साली स्थापन झालेल्या जियाजीराव कॉटन मिलभोवती वाढला. 1990 च्या दशकात मिल बंद पडली, वस्ती मात्र राहिली. गिरणगावांमध्ये आग लागली तर बंब आत न्यायलाच वेळ जातो.

पाण्याचा फायदा

सध्या साठवणुकीत लिथियमचं राज्य आहे. या बॅटरीतलं द्रव पेट घेणारं असतं. नव्या लिथियम-फॉस्फेट बॅटऱ्या बऱ्याच शांत आहेत, पण धोका शून्य नाही. जानेवारी 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग साठवण केंद्राला आग लागली, तेव्हा हजारावर लोकांना घरं सोडावी लागली. ती बॅटरी जुन्या, जास्त तापणाऱ्या प्रकारची होती.

म्हणून जस्त किंवा व्हॅनेडियम वापरणाऱ्या, पाण्याच्या द्रावणावर चालणाऱ्या बॅटऱ्यांकडे लक्ष गेलंय. त्यातलं द्रव पेटत नाही. एनटीपीसीने 2025 मध्ये ग्रेटर नोएडाच्या संशोधन केंद्रात 3 मेगावॅट-तासांची व्हॅनेडियम बॅटरी सुरू केली. अडचण एवढीच, की साधारण 1.23 व्होल्टच्या पुढे पाण्याचं विघटन व्हायला लागतं. त्यामुळे तेवढीच वीज साठवायला बॅटरी जड आणि मोठी लागते. गाडीत हे परवडत नाही, पण एका जागी बसवलेल्या बॅटरीला वजनाचं काय?

पण थांबा

घरोघरी जिन्याखाली असलेली इन्व्हर्टरची बॅटरीही पाण्याचीच आहे. 1859 मध्ये प्लांते यांनी शोधलेली ही शिसं-ॲसिडची बॅटरी. तिच्यातलं द्रव पेटत नाही, पण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, शिसं विषारी असतं आणि ग्वाल्हेरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. जस्ताच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी सुयांसारखे काटे वाढून आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. व्हॅनेडियम महाग आहे. मिठाच्या पाण्याची बॅटरी विकणारी अमेरिकेतली ॲक्विऑन कंपनी तर 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण लिथियम स्वस्त होत गेलं.

म्हणजे ‘पाण्याची’ हा शब्द पुरेसा नाही. द्रावणात काय आहे, 45 अंशांत बॅटरी किती वर्षं टिकेल आणि जुनी झाल्यावर परत कोण नेणार, हे विचारायलाच हवं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. अंमलबजावणी हाच काय तो मुद्दा.

दर कोण ठरवणार?

खरी मेख निविदेत आहे. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं आणि आगीचा धोका त्या दरात दिसत नाही. माळावरच्या प्रकल्पाला हे चालून जाईल. वस्तीतल्या उपकेंद्रात बॅटरी बसवताना मात्र न पेटणारं द्रव किंवा घरांपासून ठरावीक अंतर, यापैकी एक अट निविदेतच असायला हवी. दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. बिर्ला नगर असो, सोलापूर असो की बेळगाव, जुन्या गल्ल्यांची रुंदी आता वाढणार नाही. बॅटरी निवडणं मात्र अजून हातात आहे.