संगीतशास्त्राच्या स्वतंत्र एम.ए. पदवीसाठी निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू यांच्या सेवेशी,

विषय : संगीतशास्त्र विषयात स्वतंत्र एम.ए. अभ्यासक्रम सुरू करणे व त्यासाठी आवश्यक सोयी मिळणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, आपल्या विद्यापीठाच्या संगीत विभागातील एम.ए.चे विद्यार्थी आणि पीएच.डी.चे संशोधक, हे निवेदन सविनय सादर करीत आहोत.

महाराष्ट्रात संगीताचा विचार फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. ते राजाच्या जमाखर्चाच्या दप्तराचे प्रमुख होते. दहा थाटांची पद्धती मांडणारे पंडित भातखंडे वकील होते. बावीस श्रुतींचा प्रश्न तारांच्या लांबीचे माप घेऊन सोडवू पाहणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे सनदी लेखापाल होते. या सर्वांनी पोटाचा उद्योग सांभाळून किंवा त्यातून निवृत्त झाल्यावर हे काम केले. त्यांच्याबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. पण एखादे शास्त्र किती काळ कोणाच्या फावल्या वेळावर सोपवून ठेवायचे? आज संगीताच्या विचाराला आयुष्य देऊ इच्छिणाऱ्या तरुणाला विद्यापीठात रीतसर जागा हवी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ती जागा सध्या नाही. आपल्या विभागात एम.ए.चा प्रवेश गायन, वादन किंवा तबल्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेवर ठरतो. संस्कृत, भौतिकशास्त्र किंवा इतिहास घेऊन पदवी मिळवलेला, सुरांची चांगली जाण असलेला, परंतु मैफलीची तयारी नसलेला विद्यार्थी दारातूनच परत जातो. आत आलेल्यांनाही शास्त्राच्या पेपरात विशारदला पाठ केलेलेच पुन्हा लिहावे लागते : दहा थाट, रागांचे समय, कलावंतांची चरित्रे. भूप आणि देसकार यांचे पाच स्वर तेच असताना एक कल्याण थाटात आणि दुसरा बिलावल थाटात का, आणि असे असेल तर थाट ही वर्गवारी नेमकी कशाची, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत कधी येत नाही. आला तरी त्याला सहा ओळींचीच जागा असते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी संगीतशास्त्राच्या स्वतंत्र एम.ए.ची आहे. बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि डॉ. प्रेमलता शर्मा यांच्यासारख्या विदुषीने तो घडवला, तेव्हा आम्ही अशक्य काही मागत नाही. प्रवेशपरीक्षेत कान, वाचन आणि लेखन तपासावे. प्रात्यक्षिक असावे, पण राग ओळखण्याइतके आणि स्वरलिपीत उतरवण्याइतके. अभ्यासक्रमात मूळ संस्कृत ग्रंथांचे वाचन, ध्वनिशास्त्र, सौंदर्यशास्त्र आणि लोकसंगीत असावे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे यांनी लावणी, पोवाडा, कीर्तन, नाट्यसंगीत यांचा शास्त्र म्हणून विचार करण्याची वाट मराठीत घालून दिली आहे. ती वाट अभ्यासक्रमात आली नाही, तर पुढच्या पिढीला तिचा पत्ताही राहणार नाही, अशी आम्हांला खरी भीती वाटते.

या पदवीला ‘संगीत’ विषयाची समकक्षता देण्याचा निर्णय अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच व्हावा. सहायक प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत ‘संगीत (गायन)’ असे छापलेले असते. समकक्षतेचा कागद नसेल तर नेट-सेट उत्तीर्ण उमेदवारही छाननीतच बाद होईल.

प्रवासखर्चाची तरतूदही आम्ही आग्रहाने मागतो. भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, तंजावर पाहिले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितारांना भेटले. ग्रंथ आणि गुणीजन यांच्यापर्यंत स्वतः पोहोचल्याशिवाय त्यांची पद्धती उभी राहिलीच नसती. तंजावरचे मराठे राजे तुळजाजी यांनी ‘संगीतसारामृत’ रचले आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील मराठी कागद आजही आहेत. आमच्यापैकी बहुतेकांना ना मोडी वाचता येते, ना तेथवर जाण्याचा खर्च परवडतो. मोडीचा एक सत्राचा वर्ग इतिहास विभागाच्या मदतीने सहज चालू शकेल.

विभागाच्या कपाटातील स्पूल टेप आणि कॅसेटी बुरशी धरू लागल्या आहेत. त्यांचे डिजिटायझेशन तातडीने करावे आणि ध्वनिमुद्रणे ग्रंथालयात बसून ऐकण्याची सोय करावी. मुंबईच्या आयआयटीत अभियंते रागांच्या स्वरांचे संगणकावर विश्लेषण करतात. संगीताच्या विभागात मात्र त्यासाठी एक संगणकही मिळू नये, हे आम्हांला फार लागते. संस्कृत व भौतिकशास्त्र विभागांतील प्राध्यापकांना सहमार्गदर्शक म्हणून मान्यता दिल्यास मार्गदर्शकांची टंचाईही बरीच कमी होईल.

अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, त्या बैठकीस आमच्या दोन प्रतिनिधींना म्हणणे मांडू द्यावे आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
संगीत विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी व संशोधक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. प्र-कुलगुरू, मा. अधिष्ठाता, मानव्यविद्या शाखा. विभागप्रमुख, संगीत विभाग.