टाके दाखवायला तीनशे किलोमीटर

भामरागडच्या बाईचं नागपुरात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, की आठवड्याभराने जखम दाखवायला तिने पुन्हा तीनशेहून अधिक किलोमीटर यायचं. सोबत घरचं एक माणूस, दोघांचीही मजुरी बुडालेली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला तर वाटच बंद. एवढं करून ओपीडीत सर्जन पट्टी उचलून बघणार, ‘छान भरतेय’ म्हणणार आणि पुढच्या रुग्णाला हाक मारणार. गुंतागुंत नसलेल्या रुग्णाची ही फेरी टेलिमेडिसिनने, म्हणजे दुरून सल्ला देऊन, वाचू शकते. तरी ती वाचवली जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

टेलिमेडिसिन म्हटलं की अनेक सर्जनना आधी आठवतो तो रोबो. 2001 च्या सप्टेंबरमध्ये जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय काढलं. पराक्रम मोठाच होता, पण आपल्या जिल्हा रुग्णालयाला आज त्याचा काय उपयोग? भारतात मार्च 2020 मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनीही दुरून शस्त्रक्रिया करणं आपल्या कक्षेबाहेरच ठेवलं आहे. त्या सूचना आहेत सल्ल्याबद्दल, आणि सर्जनचं निम्मं काम सल्ल्याचंच असतं: ऑपरेशन लागेल का, आधी कोणत्या तपासण्या करायच्या, रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, नंतर ताप आला तर काय.

टेलिमेडिसिनवरचा एक आक्षेप मात्र खरा आहे. पोटाला हात लावल्याशिवाय पोट कळत नाही. अपेंडिक्स सुजलं की पोटाचे स्नायू ताठरतात, दाबलेला हात झटकन सोडला की रुग्ण कळवळतो. हे कॅमेऱ्याला दिसत नाही. सावळ्या कातडीवरची लाली साध्या मोबाइलच्या फोटोत सहज निसटते. म्हणून पोटात अचानक दुखू लागलेल्या रुग्णाला फोनवर थोपवून ठेवू नयेच. पण त्यावरून बऱ्या होत चाललेल्या हर्नियाच्या रुग्णालाही ओपीडीच्या रांगेत उभं करायचं, हे मला पटत नाही.

खरी अडचण भीतीची आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. सिझेरियननंतर पुन्हा दाखल झालेल्या महिलेवर डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सांगण्यानुसार उपचार झाले होते आणि तिचा मृत्यू झाला. ‘फोनवर सल्ला दिला की तुरुंग’ हा निष्कर्ष तेव्हापासून डॉक्टरांच्या मनात बसला. माझ्या मते त्या प्रकरणाचं मर्म दाखल रुग्णाजवळ डॉक्टरच नसण्यात होतं. दोन वर्षांनी आलेल्या सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरला दुरून सल्ला द्यायची स्पष्ट मुभा दिली. प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी दिलेला सल्ला पाठपुरावा धरला जातो. फी घेता येते, पावती द्यावी लागते, नोंद ठेवावी लागते. हे ठाऊक नसलेले चांगले, अनुभवी सर्जन मला आजही भेटतात.

आणि तेच सर्जन रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर आलेला जखमेचा फोटो बघून गोळी सांगतात! रुग्णावरच्या मायेपोटीच सांगतात. पण केसपेपरवर त्याचा मागमूस नसतो, मोबदला नसतो, आणि पुढे काही बिघडलं तर डॉक्टरच्या हातात कागद नसतो. आपण कायदा मोडतोय असं वाटून लपवलेलं हे काम नोंद ठेवून केलं तर कायद्यातच बसतं.

सरकारी बाजूने ई-संजीवनी ही टेलिमेडिसिन सेवा आहेच. त्यात आयुष्मान आरोग्य मंदिरातला (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातला) समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलू शकतो. तो ताप मोजेल, जखमेची कड दाबून पाहील, पू येतोय का ते सांगेल. सर्जनचा हात तिथे पोचत नसला तरी शिकलेला एक हात तिथे असतो. या हाताला काय बघायचं ते सर्जननीच शिकवायला हवं. एम. एस. करणाऱ्या रेसिडेंटकडून शिक्षणाच्या काळातच असे पाठपुरावे वरिष्ठांच्या देखरेखीखाली करून घ्यावेत. डिस्चार्ज कार्डावर ‘आठवड्याने दाखवणे’ एवढंच न लिहिता कुठे दाखवायचं, व्हिडिओवर कोण कधी भेटेल आणि कोणती लक्षणं दिसली तर वाट न बघता थेट निघायचं, हे मराठीत लिहून द्यावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा शासननिर्णयही लागत नाही. विभागप्रमुखाने ठरवलं तर येत्या सोमवारच्या ओपीडीपासून सुरू होईल.